डार्क चॉकलेटची डहाणू फास्ट

माहीत आहे का? बोईसर स्टेशनच्या फलाटावर लोकलची वाट बघत तुम्ही उभे असता, तेव्हा चक्क चॉकलेटच्या पट्ट्यात उभे असता!

गोष्ट अशी आहे. कोकोचं झाड भलतं चोखंदळ. विषुववृत्ताच्या वर २० अंश, खाली २० अंश, एवढ्यातच त्याचं मन रमतं. आता मोबाइलवर नकाशा उघडा. पालघर साधारण १९.७ अंशांवर. इन! बोईसर १९.८. इन! तारापूर-चिंचणी? इन! डहाणू १९.९७, म्हणजे दार बंद होता होता आत उडी मारलेलं, पण इन! आणि घोलवड? वीसच्या किंचित वर. सॉरी, घोलवडकर. थोडक्यात गाडी चुकली.

अर्थात ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. वीस अंश ओलांडले की झाड लगेच मान टाकतं असं नाही. पण जगाच्या कोको-नकाशाचा वरचा काठ आपल्या डहाणू तालुक्यातून जातो, ही फुशारकी मारायला कोणाची परवानगी लागत नाही.

घोलवडकरांसाठी कन्सोलेशन प्राइझ

चिकू! २०१६ साली जीआय मानांकन मिळवलेला तुमचा लाडका घोलवड चिकू मूळचा कुठला, माहीत आहे का? दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. कोको जन्मला अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात, पण नाव कमावलं ते याच मेक्सिकोत. म्हणजे हे दोघे जुने शेजारी. एकाने समुद्र ओलांडून घोलवड-बोर्डीत बस्तान बसवलं, दुसरा केरळ-आंध्रात स्थिरावला.

बोनस बातमी: चिकूच्या झाडाचा चीक म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं ओरिजिनल च्युइंग गम. घ्या, एकाच झाडात डेझर्टही आणि टाइमपासही!

भेंडीची बहीण

कोको कोणाच्या खानदानातला? कोकमाच्या? छे, नावावर जाऊ नका. तो मॅल्व्हेसी कुळातला. म्हणजे भेंडी, कापूस आणि गणपतीला वाहतो ती जास्वंद, हे सगळे त्याचे सख्खे-चुलत. पुढच्या वेळी मुलं ताटातली भेंडी बाजूला सारतील तेव्हा सांगा, 'अरे, ही चॉकलेटची बहीण!' खातीलच याची गॅरंटी नाही. पण चेहरे बघण्यासारखे होतील.

फुलं खोडावर, भिस्त चिलटावर

फणस जसा फांदीच्या टोकाची वाट न बघता खोडालाच लगडतो, तसंच कोकोचं. इवली इवली फुलं थेट खोडावर. आणि त्यांचं परागीभवन कोण करतं? मधमाशी? फुलपाखरू? नाही! दोन-तीन मिलिमीटरचं एक चिलट. फूल एवढं किचकट की मोठ्या कीटकांना आत एंट्रीच नाही. शंभर फुलांतल्या जेमतेम पाचांची फळं होतात.

तेव्हा वाडीतल्या ओल्या पालापाचोळ्यावर घोंगावणाऱ्या चिलटांना शिव्या देण्याआधी थांबा. त्यांच्यातल्या एका बिरादरीने संप पुकारला, तर जगातलं चॉकलेट बंद.

फोडा, आंबवा, वाळवा, पाखडा

एका फळात वीस ते पन्नास बिया, पांढऱ्या गोड-आंबट गरात गुंडाळलेल्या. गर चाखला तर लिचीची आठवण होते, चॉकलेटची अजिबात नाही. कच्ची बी चावलीत तर? कडू, तुरट, जांभळी. 'हेच ते?' असं वाटून तुम्ही थुंकून टाकाल.

खरी जादू पुढे. गरासकट बिया लाकडी खोक्यांत पाच-सात दिवस आंबतात. आतलं तापमान आपोआप ४५ ते ५० अंशांवर चढतं. आपल्या इडलीचं पीठ रात्रभरात उरकतं, या बियांना आठवडा लागतो. चॉकलेटच्या चवीचा पाया इथे पडतो, कारखान्यात नाही. शेतकऱ्याने हे पाच-सात दिवस बिघडवले, तर पुढे स्वित्झर्लंडचा आचारी आणा नाहीतर फ्रान्सचा, काही उपयोग नाही.

मग उन्हात वाळवणं, मग भाजणं आणि मग पाखडणं. हो, पाखडणं! भाजलेल्या बिया फोडून हलकी टरफलं वाऱ्यावर उडवायची आणि जड तुकडे ठेवायचे. आजीच्या सुपातली टेक्नॉलॉजी. फक्त आता तिथे ब्लोअर बसवलाय.

आणि आता ट्विस्ट: इडलीवाल्याची एंट्री

माहीत आहे का, अमेरिकेतली अनेक छोटी क्राफ्ट चॉकलेट युनिट्स कशावर चालतात? तमिळनाडूतल्या वेट ग्राइंडरवर!

झालं असं की बिया दळून, साखर घालून तासन् तास घोटायला पूर्वी अवाढव्य, महागड्या मशिनी लागायच्या. छोट्या माणसाला ते झेपेना. २००० नंतर काही हौशी अमेरिकनांनी इडली-डोशाचं पीठ वाटणारा दगडी ग्राइंडर घेतला आणि त्यात कोको घातला. चालला की! एक-दोन दिवस अखंड फिरवला तरी बिचारा तक्रार करेना. मग थोडे बदल केलेले असे ग्राइंडर 'मेलांजर' या ऐटदार नावाने जगभर जाऊ लागले. कोइम्बतूरच्या वेट ग्राइंडरला जीआय मानांकन आहे, हे वेगळंच.

म्हणजे युरोपातल्या एखाद्या पॉश दुकानात 'आर्टिझनल' म्हणून जे मिरवतं, ते अण्णांच्या दगडावर वाटलेलं असू शकतं. वाजवा टाळ्या!

मग आपल्या वाड्या कोकोने का नाही भरल्या?

फेअर क्वेश्चन. कोकोला भर ऊन सोसत नाही. त्याला मोठ्या झाडाची सावली लागते, म्हणून दक्षिणेत तो नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून लावतात. आता केळवे-माहीम, शिरगाव, चिंचणी आठवा. नारळ आहेत, सुपारी आहे, पानवेली आहेत, ओल आहे. सेट तयार आहे, फक्त हीरो यायचाय!

अडचण पावसाच्या टाइमटेबलची. कोकोला वर्षभर वाटून-वाटून दीड-दोन हजार मिलिमीटर पाऊस हवा. आपल्याकडे तो कोटा पुरा होतो, किंबहुना जास्तच होतो, पण जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाऊक भावात. मग आठ महिने कोरडे. त्या आठ महिन्यांत पाणी द्यावं लागणार. पण पानवेलीला निगुतीने पाणी पाजत आलेल्या वाडवळ बागायतदारांना पाणी द्यायला कोणी शिकवायचं? कोणी वाडीच्या कोपऱ्यात दोन झाडं हौसेनं लावली असतील, तर त्यांनी खुशाल कॉलर ताठ करावी.

भारतात कोको पहिल्यांदा लागला तो १७९८ मध्ये, तमिळनाडूतल्या कुत्तालमला, ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात. पण व्यापारी लागवडीला खरी गती आली १९६५ नंतर, कॅडबरीने वायनाडला काम सुरू केल्यावर. आज पीक घेण्यात नंबर वन कोण? केरळ नव्हे, आंध्र प्रदेश! गोदावरीकाठच्या नारळाच्या बागांखाली.

जंक्शन, कॅडबरी जंक्शन!

आपला पालघर जिल्हा जन्मला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी सगळे ठाणेकर. आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या मुख्यालयात चक्क चॉकलेटच्या नावाचं जंक्शन आहे: ठाण्याचं कॅडबरी जंक्शन. तिथल्या कारखान्यामुळे पडलेलं नाव. रिक्षावाल्याला नुसतं 'कॅडबरी' म्हटलं तरी पुरतं.

पण महाराष्ट्राची खरी चॉकलेट राजधानी कोणती, माहीत आहे का? पुणे जिल्हा! (पुणेकर लगेच म्हणतील, 'यात नवल काय?') तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरी. मंचरला मोर्डे, ज्यांचे स्लॅब तुमच्या गल्लीतल्या केकवाल्या ताईंच्या फ्रिजमध्ये आत्ता या क्षणी असण्याची दाट शक्यता. बारामतीला २०११ पासून इटलीची फेरेरो आणि पुढे बॅरी कॅलेबो. ही बॅरी कॅलेबो जगातल्या सर्वांत मोठ्या चॉकलेट उत्पादकांपैकी एक, आणि तुम्ही तिचं नावही ऐकलेलं नसेल, कारण ती मुख्यतः दुसऱ्यांच्या रॅपरसाठी चॉकलेट बनवते. राजकारणात बारामतीचं किंगमेकर असणं आपल्याला माहीत होतं. चॉकलेटमध्येही तेच!

आणि १९६९ साली दोन दमदार गोष्टी सुरू झाल्या. एक, तारापूरचं अणुवीज केंद्र, देशातलं पहिलं. दुसरी, फाइव्ह स्टार चॉकलेट. दोन्ही एनर्जीचे सोर्स, दोन्ही अजून चालू. फाइव्ह स्टार काही डार्क चॉकलेट नाही, मान्य. पण असा योगायोग सोडवत नाही हो!

सहकार झिंदाबाद, कोको पार्ट

इथे जरा वेग कमी करतो, कारण ही गोष्ट फास्टने सुटून जाण्यासारखी नाही.

सत्तरच्या दशकात केरळ आणि कर्नाटकातल्या शेतकऱ्यांना सांगितलं गेलं, कोको लावा, भाव आहे. लावला. मग दशक संपता संपता जागतिक बाजार कोसळला, खाजगी खरेदीदारांनी हात आखडता घेतला आणि बागांमध्ये फळं पिकून पडू लागली. कोकोचं दुखणं असं की तो घरी खाता येत नाही. कांद्याचे भाव पडले तर निदान भजी तळता येतात. आंबवलेल्या कोकोच्या पोत्याचं शेतकऱ्याने करायचं काय?

तेव्हा पुढे आली कॅम्पको. मंगळूरची, १९७३ साली मुळात सुपारी उत्पादकांसाठी स्थापन झालेली सहकारी संस्था. तिने कोको खरेदी सुरू केली. नुसती खरेदी करून भागेना, म्हणून १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखानाच उभा केला. शेतकऱ्यांच्या मालकीचा! वारणा, प्रवरा पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटणार नाही, पण जगात असं क्वचित घडलंय. बहुतेक कोको-उत्पादक देश बिया विकतात आणि नफा दुसऱ्या खंडात होतो.

म्हणून 'एथिकल चॉकलेट' म्हटलं की लगेच चारशे रुपयांचा, हाताने बनवलेल्या कागदात गुंडाळलेला बार डोळ्यांपुढे आणू नका. सहकारी कारखान्याचा साधा बारही त्या रांगेत मानाने उभा राहतो. हे माझं ठाम मत. मेल पाठवून भांडायचं असेल तर भांडा.

रॅपर पलटी करा, प्लीज!

आता दुकानात चला. बोईसरला ओस्तवालमध्ये असो की पालघरला माहीम रोडवर, फ्रिजच्या काचेआड 'डार्क', 'रिच', 'प्रीमियम' अशी सोनेरी अक्षरं चमकतायत. ती वाचू नका. पॅकेट पलटा. चॉकलेटची कुंडली मागच्या पानावर असते.

माहीत आहे का? घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. म्हणजे पहिलं नाव साखरेचं असेल, तर तुमच्या हातात कोको घातलेली साखर आहे. डार्कच्या रॅपरवर पहिला मान कोकोचाच हवा. उत्तम डार्कची यादी लग्नपत्रिकेतल्या 'आपले नम्र' एवढी लांब नसते. कोको मास (म्हणजे दळलेल्या बिया), साखर, फार तर कोको बटर (बियांतली चरबी). संपलं!

पुढचा गुगली: ७० टक्के म्हणजे काय? ७० टक्के कडू? नाही. त्या बारचा ७० टक्के भाग कोकोच्या बीमधून आलेला आहे, आणि त्यात बियांचा लगदाही आला आणि त्यातलं कोको बटरही आलं. उरलेली बहुतेक साखर. म्हणून दोन कंपन्यांचे ७० टक्केवाले बार शेजारी ठेवलेत तर एक मखमली लागेल आणि दुसरा कान पकडेल. टक्का सारखा, पक्का स्वभाव वेगळा.

आणि हे बघा, बारीक अक्षरांत: वनस्पती चरबी. आपल्या कायद्याप्रमाणे चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज दुसरी वनस्पती चरबी जास्तीत जास्त ५ टक्के चालते, आणि ती घातली आहे हे लेबलवर सांगावं लागतं. त्याहून जास्त, किंवा सगळीच दुसरी चरबी असेल, तर ते 'कंपाउंड'. दिवाळीत सोसायटीतल्या काकू सिलिकॉनच्या मोल्डमध्ये ज्या गोड, चकचकीत, बदामवाल्या वड्या बनवून बॉक्समध्ये देतात, त्या बहुधा याच्याच. कंपाउंड लवकर वितळत नाही, टेम्परिंगची, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळवून-गार करण्याची कटकट नाही, स्वस्त आहे. काकूंचा धंदा त्यावर उभा आहे आणि तो छानच आहे. फक्त त्याला डार्क चॉकलेट म्हणू नका, एवढंच. डालड्याला तूप म्हटलं तर आजी काय म्हणाली असती?

'ट्रीटेड विथ अल्कली' दिसलं तर? कोको सौम्य आणि गडद रंगाचा करायची ही डच युक्ती, एकोणिसाव्या शतकातली. रंग वाढतो, कोकोतले गुणकारी फ्लॅव्हनॉल्स घटतात. दिसायला अधिक डार्क, आतून कमी डार्क. सिनेमातल्या व्हिलनची आठवण झाली ना?

९९ टक्के? हिंमत असेल तर!

डार्कची चव घ्यायला विमानाने ब्रुसेल्सला जायची गरज नाही. आपल्याच वेस्टर्न रेल्वेवर, गुजरातेत, आणंद आहे. अमूलचे डार्क बार बोईसरच्या किराणा दुकानातही सापडतात: ५५ टक्के, ७५, ९०, आणि छातीवर हात ठेवा, ९९! शिवाय एकेका देशाच्या कोकोचे 'सिंगल ओरिजिन'. पेरू, मादागास्कर, टांझानिया. खिशाला न फाडता भूगोल शिकायची सोय.

पण बारकावा बघा. अमूल ही दूध उत्पादकांची सहकारी संस्था. गाईवाल्याचा वाटा पक्का. परदेशातल्या कोकोवाल्याचा वाटा हा स्वतंत्र प्रश्न, आणि तो जगातल्या जवळपास प्रत्येक बारला विचारावा लागतो. का? पुढचा डबा त्याचाच आहे.

गोड वडीचा कडू भाग

जगातला निम्म्याहून जास्त कोको फक्त दोन देशांतून येतो: आयव्हरी कोस्ट आणि घाना. शिकागो विद्यापीठाशी संलग्न एनओआरसी या संस्थेने २०२० मध्ये अहवाल दिला. या दोन देशांत कोकोच्या कामात बालमजुरी करणारी मुलं किती? सुमारे १५ लाख ६० हजार. इथे विनोद सुचत नाही. पुढे चला.

माहीत आहे का, नेदरलँड्समधल्या एका पत्रकाराने स्वतःविरुद्धच गुन्हा नोंदवायची मागणी केली होती? टॉन फान द कोकन त्याचं नाव. त्याने चॉकलेट खाल्लं आणि म्हणाला, 'यात गुलामांच्या श्रमाचा कोको आहे हे माहीत असून मी विकत घेतलं, मला पकडा!' कोर्टाने पकडलं नाही. मग त्याने २००५ मध्ये स्वतःचंच चॉकलेट काढलं: टोनीज चॉकोलोन्ली. त्याचे तुकडे मुद्दाम वेडेवाकडे, लहानमोठे. का? कारण या धंद्यात वाटणीही तशीच होते. बार मोडताना भावंडांची भांडणं होतात ती वेगळीच!

आणि ही केस तर वेब सिरीजच्या लायकीची. १९०९, बर्मिंगहॅम. कॅडबरी कंपनी पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून कोको घेत होती आणि तिथले मजूर जवळपास गुलाम होते. 'स्टँडर्ड' या वर्तमानपत्राने लिहिलं, यांना सगळं माहीत असूनही हे घेत राहिले. कंपनीने बदनामीचा दावा लावला. कंपनी जिंकली! नुकसानभरपाई किती मिळाली, माहीत आहे का? एक फार्दिंग. म्हणजे पाव पेनी. ज्यूरीने अशी जीत दिली की हरलेलं परवडलं असतं. त्याच वर्षी कंपनीने साओ टोमेचा कोको बंद केला.

भाव तरी शेतकऱ्याला मिळतो का? डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या बाजारात कोको टनामागे १२ हजार डॉलरच्या वर गेला. त्याच्या दोन वर्षं आधी होता साधारण अडीच हजार! पश्चिम आफ्रिकेतला लहरी पाऊस, झाडांवरचे रोग आणि म्हातारी झाडं ही कारणं. ज्यांच्या बागा रोगाने गेल्या, त्यांना मात्र या भावाचा उपयोग शून्य.

देशी डार्क, फुल मार्क

आनंदाची बातमी अशी की गेल्या बारा-तेरा वर्षांत भारतात 'बीन टू बार' वाल्यांची नवी फळी तयार झाली. हे लोक बी स्वतः निवडतात, स्वतः भाजतात, स्वतः वाटतात. शेतकऱ्याशी थेट व्यवहार, चांगलं आंबवल्याचा जादा भाव. आंबवण्याचं महत्त्व वर वाचलंत ना? मग त्या जादा भावाचं कारण कळलं असेल.

ऑरोविलची मेसन अँड को घ्या. कारखान्यात काम करतात त्या बहुतेक गावच्या महिला. मैसूरची नावीलुना फक्त भारतीय कोको वापरते. अनामलाईच्या सोकलेटची तर बागही स्वतःची, म्हणजे 'ट्री टू बार'. आपल्या मुंबईची पास्काती ऑरगॅनिक आणि फेअरट्रेड, दोन्ही शिक्के मिरवते. चेन्नईच्या कोकोट्रेटचं रॅपर कशाचं? वाया गेलेल्या सुताचं आणि कोकोच्या टरफलांचं! पाखडताना उडवलेली टरफलं परत येऊन त्याच चॉकलेटला गुंडाळतात.

कोचीच्या पॉल अँड माइकने तर इंटरनॅशनल चॉकलेट अवॉर्ड्समध्ये रौप्यपदक आणलं. कशाला? ६४ टक्के डार्क, संत्र्याची साल आणि सिचुआन मिरी. ही सिचुआन मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या त्रिफळाची जवळची नातेवाईक. बांगड्याच्या आमटीत पडणारं त्रिफळ चॉकलेटमध्ये! मालवणी माणसाने आता पेटंटचा विचार करावा.

टेस्टिंग टाइम, पालघर स्टाइल

डार्क चॉकलेट चावायचं नसतं. हो, नसतंच! आधी कानाजवळ तोडा. 'टक्' असा स्वच्छ आवाज आला की टेम्परिंग पास. मग वास. मग तुकडा जिभेवर ठेवून गप्प बसा. (बायको-नवऱ्यात वाद चालू असेल तर दोघांनाही एकेक तुकडा द्या.) अर्ध्या मिनिटाने चवी रांगेत यायला लागतात: मनुका, कॉफी, लिंबूसाल, भाजलेलं खोबरं. आधी ५५ टक्के, मग ७०, मग वर. थेट ९९ ला हात घातलात तर 'हे औषध आहे' म्हणून आयुष्यभर तोंड फिरवाल.

जोडीला काय? वाइन-चीज राहू द्या. घोलवडचा पिकलेला चिकू आणि ७० टक्के डार्क, ट्राय करा! चिकूतला खमंग गोडवा आणि कोकोचा कडवटपणा एकमेकांना टाळी देतात. बहाडोलीच्या जांभळालाही आता जीआय आहे. त्याचा तुरटपणा डार्कच्या तुरटपणाशी कुस्ती खेळतो, माझ्या मते निकाल बरोबरीत सुटतो. जव्हार-मोखाड्याकडचं वाळलेलं मोहफूल मनुकेच्या वळणाचं, ते छान जमतं. मोह आणि चिकू एकाच कुळातले, हे माहीत होतं का? आणि केळवे-माहीमच्या पानात डार्कचा तुकडा? पानवाल्या काकांना दुकान बंद असताना विचारा. चालू असताना विचारलंत तर गिऱ्हाईकांसमोर ते काय बोलतील, सांगता येत नाही.

पघळलं रे पघळलं

कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्या तोंडात ३७. म्हणून तर जिभेवर ठेवताच विरघळतं. अडचण एवढीच की मे महिन्यात पालघर किनाराही ३४ च्या आसपास असतो. म्हणजे चर्चगेटला घेतलेला महागडा बार दुपारच्या लोकलने बोईसरला पोचेपर्यंत 'सॉस' कॅटेगरीत जातो. संध्याकाळी आणा, डब्यात आणा, खिशात कधीच नको.

खिशावरून आठवलं. १९४० च्या दशकात अमेरिकेत पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी उभा होता आणि त्याच्या खिशातलं चॉकलेट वितळलं. दुसरा कोणी असता तर पँट धुवायला टाकून मोकळा झाला असता. याने त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हन काढला!

डार्कवर पांढरट थर आला? बुरशी नाही हो, फेकू नका. त्याला 'ब्लूम' म्हणतात. कोको बटर वितळून पुन्हा वर येऊन गोठतं, किंवा ओलाव्याने साखर वर येते. दिसायला म्हातारं, खायला चालतं. फ्रिजमध्ये ठेवायचंच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, नाहीतर कालच्या बोंबलाचा वास फुकट मिळेल. सातपाटीकरांना वेगळं सांगायला नको.

दोन सावधानतेचे हॉर्न

एक: कुत्र्याला चॉकलेट कधीही नाही. त्यातलं थिओब्रोमीन कुत्र्याचं शरीर फार हळू जिरवतं. जितकं डार्क, तितकं जास्त धोक्याचं.

दोन: 'डार्क म्हणजे हेल्दी' म्हणून अख्खा बार रोज रिचवू नका. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२२ मध्ये २८ डार्क बार तपासले. शिसं आणि कॅडमियम सगळ्यांत सापडलं. त्यातल्या २३ बारचं प्रमाण असं होतं, की रोज एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम खाल्लं, तर निदान एका धातूची त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जाते. दोन तुकडे, बास. लहान मुलांना त्याहून कमी.

रेकॉर्डब्रेक राऊंड

ऑक्टोबर २०११, इंग्लंड. थॉर्नटन्स कंपनीने ५,७९२.५ किलोचा एकच चॉकलेट बार बनवला. टेम्पो लागेल, तोही मोठा.

नोव्हेंबर २०१२, ब्रुसेल्सचं रेल्वे स्टेशन. माल्टाच्या अँड्र्यू फारुजाने ३४ मीटर लांब चॉकलेटची आगगाडी उभी केली. म्हणजे आपल्या डहाणू लोकलचे दोन डबेही पुरते भरत नाहीत. पण फरक एक आहे: ब्रुसेल्सच्या गाडीत कोणी चौथ्या सीटवरून भांडत नव्हतं.

१५४५, मेक्सिको. कोकोच्या बिया म्हणजे चलन. एका टोमॅटोला एक बी, एका टर्की कोंबडीला शंभर. आणि जिथे चलन तिथे काय आलं? बोगस माल! बियांची सालं मातीने भरून खपवणारे महाभाग तेव्हाही होते.

आणि १९३७. अमेरिकन सैन्याचा कॅप्टन पॉल लोगन हर्शी कंपनीकडे एक विचित्र ऑर्डर घेऊन गेला. सैनिकांसाठी चॉकलेट हवं. अटी: वजन चार औंस, ताकद भरपूर, उन्हात वितळायचं नाही. आणि चव? उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी! कारण चांगलं लागलं तर शिपाई संकटाची वाट न बघता आधीच फस्त करतील. कंपनीने ऑर्डर इतकी चोख पुरी केली की अनेक शिपायांनी तो बार सरळ फेकून दिला.

आता उकडलेल्या बटाट्याचा हा जाहीर अपमान बोईसर स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्यांच्या कानावर घालायचा की नाही, तुम्ही ठरवा. मी तर फलाटावरून सटकतो!